शेगडी दाराबाहेर!

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण एका गाडीत झोपलो आणि सकाळी पाचही जण उठलो. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. नंतर थोडं वाचल्यावर, एक-दोन डॉक्टरांशी बोलल्यावर कळलं की आमचं उठणं ही गृहीत धरण्यासारखी गोष्ट नव्हती.

झालं असं. मामाकडे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. एरवी ती अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर दर्शनाच्या भाड्यावर असते. भाडं नव्हतं असा एक शनिवार-रविवार मामेभावानं गाठला, मागच्या दोन रांगा काढल्या, खाली गाद्या टाकल्या आणि आमची ‘कॅराव्हॅन’ तयार झाली. बामणोलीच्या पुढं, शिवसागर जलाशयाच्या काठाला मुक्काम. लाइट नाही, चार्जिंग नाही, शेजारी कुणी नाही. आम्हाला तेच तर पाहिजे होतं! मामीनं निघताना कोळशाची लोखंडी शेगडी दिली होती. संध्याकाळी तिच्यावर कणसं भाजली, गाणी झाली. दहानंतर पाण्यावरून असा काही गारठा यायला लागला, की ४३-४४ अंशांच्या उन्हाळ्यात वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांची बोलतीच बंद. शेगडीत अजून लालभडक निखारे होते. धूर अजिबात नव्हता. कुणीतरी म्हणालं, आत घेऊ. घेतली. दारं लावली. एका खिडकीची काच नीट बसत नव्हती, तिथं वर्तमानपत्र कोंबलं. (हो, वर्तमानपत्रच. याच धंद्यात पडणार आहे मी.)

वीस मिनिटं स्वर्ग. मग माझं डोकं दुखायला लागलं. मामेबहिणीला मळमळायला लागलं. प्रवासाचं असेल, म्हणालो. मी पाय मोकळे करायला खाली उतरले तर गुडघ्यात जीवच नाही. बाहेरच्या गार हवेत पाच-दहा मिनिटांत बरं वाटलं. परत आत गेले, परत डोकं. तेवढ्यात बहिणीला उलटी झाली, म्हणून दार उघडलं आणि तिची साफसफाई करायची म्हणून शेगडी बाहेर ठेवली. आम्ही वाचलो ते त्या उलटीमुळे. अक्कल वगैरे कुणी वापरली नव्हती.

धूर गेला, धोका आला

तुम्हीही हुरड्याला गेला असाल. आगटी पेटवली की आधी डोळ्यांत पाणी आणणारा धूर होतो, मग तो ओसरतो आणि लाल निखारे राहतात. आपण घरी-दारी हेच शिकलेलो असतो की धूर वाईट आणि निखारा चांगला. शेतात उघड्यावर हे खरंच आहे. बंद गाडीत मात्र हिशेब उलटा होतो.

निखाऱ्यात ज्वाला नसते, पण कोळसा जळत असतो. पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. ऑक्सिजन कमी पडला, किंवा तयार झालेला तोच वायू वरच्या तापलेल्या कोळशातून गेला, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. घरच्या सिलिंडरचा गॅस गळला तर आपल्याला कळतं, कारण त्यात कंपन्या मुद्दाम वासाचं रसायन मिसळतात. मोनॉक्साइडमध्ये कोण मिसळणार?

हा वायू श्वासातून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. ऑक्सिजनपेक्षा त्याची ही पकड दोनशे पटींहून जास्त घट्ट आहे. म्हणजे रक्त फिरतंय, छाती वरखाली होतेय, पण मेंदूला आणि हृदयाला जे पोचायला पाहिजे ते पोचत नाही. सुरुवातीला डोकेदुखी, चक्कर, मळमळ, हातापायांत अशक्तपणा. मग गुंगी. थंडीच्या रात्री पांघरुणात गुंगी आली तर कोण तक्रार करणार? झोप लागली असंच वाटतं. त्यात कुणी दारू घेतलेली असेल तर विषयच संपला. डोकं दुखणं, उलटी, तोल जाणं हे सगळं ‘चढली वाटतं’ या एका वाक्यात निघून जातं. कॅम्पिंगच्या फोटोंत शेकोटीबरोबर काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, मी जास्त बोलत नाही.

आणि हे फार लांबचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या बेळगावात थंडी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले तीन तरुण गुदमरून गेले. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरला एका घरातले आई, वडील आणि तीन मुलं अशीच गेली. ज्यांना थंडी नवीन नाही अशा काश्मीरमध्ये. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथं केरळहून फिरायला गेलेले आठ जण एका खोलीत गॅस हीटर लावून झोपले. दारं-खिडक्या आतून बंद. आठही गेले, त्यांत चार लहान मुलं होती. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त पर्यटक मेले. ते सगळेच थंडीनं मेले नाहीत. इंजिन चालू ठेवून बसलं आणि सायलेन्सर बर्फात बुजला, की तोच वायू गाडीत शिरतो, आणि काहींचा जीव त्यानं घेतला.

शेगडी, गॅस, इंजिन... कारण दर वेळी वेगळं. बंद दार मात्र प्रत्येक ठिकाणी आहे.

फटीचं महत्त्व

आपल्या जिल्ह्यात हजारो माणसं दर हिवाळ्यात विजेशिवाय, पक्क्या भिंतीशिवाय रात्री काढतात. हौस म्हणून नाही, पोटासाठी. ऊसतोडीला आलेली कुटुंबं कारखान्याच्या आजूबाजूला कोप्या घालून राहतात. बांबू, पाचट, चटया, वर प्लॅस्टिकचा कागद. संक्रांतीच्या सुमाराला होम मैदानावर सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरतो, तेव्हा रात्री उशिरा दुकानांच्या मागच्या बाजूनं एक चक्कर मारून बघा. पुढं पाळण्यांचे लाइट, मागं ताडपत्र्या आणि ट्रक, आणि त्यांत झोपलेली माणसं. कार्तिकीला पंढरपुरात ६५ एकरात दिंड्यांचे ट्रक आणि राहुट्या उभ्या असतात, तेही तसंच.

ही माणसं शेकोटी करतात ती बाहेर. झोपतात ती आत. आणि त्यांच्या निवाऱ्याला इतक्या फटी असतात की वारा आरपार जातो. कोपीचं दुखणं वेगळं आहे, ठिणगी उडाली की पाचट पेटतं आणि क्षणात सगळं जातं. ती भीती खरीच आहे, आणि कोपीत राहणं काही आदर्श वगैरे नाही. पण वायू कोंडून राहण्याचं दुखणं तिथं कमी.

आपण यूट्यूब बघून गाडी तयार करतो तेव्हा पहिलं काम काय करतो? फटी बुजवतो. दारांना रबर, काचांना फोम, छताला आतून चकचकीत शीट. ऊब टिकवायला हे बरोबरच आहे. पण गाडी जितकी चांगली बंद होईल तितकी आत काहीही पेटवायला ती वाईट, एवढं लक्षात ठेवा. खिडकी दोन बोटं उघडी ठेवून शेगडी चालवायची, हा सल्ला मला निदान चार जणांनी दिलाय. तो सोडून द्या. मोनॉक्साइडचं वजन हवेएवढंच, किंचित कमी. तो गाडीभर पसरतो, खिडकी शोधत जात नाही. खिडकी उघडी ठेवायची ती आपल्या श्वासासाठी. एक माणूस रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. पाच जणांचं ते पाणी काचांवर, छतावर जमतं आणि पहाटे पांघरुणावर टपकतं. ओलं पांघरूण म्हणजे दुप्पट थंडी. म्हणून दोन विरुद्ध बाजूंच्या काचा बोटभर खाली ठेवायच्याच, कितीही जिवावर आलं तरी.

गॅसचंही तेच. एक किलो एलपीजी जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. निळ्या ज्योतीचा बर्नर मोनॉक्साइड कमी सोडतो, पण बंद जागेत ऑक्सिजन उतरत गेला की ज्योत पिवळी पडते आणि मग तोही सोडायला लागतो. बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. गाडी तर बाथरूमपेक्षा फार मोठी नसते.

मग ऊब आणायची कुठून?

आधी एक हिशेब. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. पाच जण झोपलात तर साडेतीनशे वॅटचा हीटर फुकटात चालू आहे. अडचण अशी की ही उष्णता जाते कुठं याकडे आपण बघत नाही. सगळ्यात जास्त जाते खाली. गादी अंगाखाली दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि गाडीचा पत्रा अंगातली ऊब ओढत राहतो. आम्ही त्या रात्री चार चादरी अंगावर घेतल्या होत्या आणि अंगाखाली एकच पातळ गादी. उलटं करायला हवं होतं.

इथं आपण सोलापूरकर नशीबवान आहोत. जीआय मिळालेली चादर प्रत्येक घरात ढिगानं असते. पण चादर सुती आहे, आणि सूत ओल धरतं. दवानं ओलसर झालेली सुती चादर फार काही ऊब देत नाही. लोकर ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. माणदेशातला मेंढपाळ पावसात, दवात घोंगडी घेऊन बसतो ते उगीच नाही. म्हणून माझा क्रम असा: सगळ्यात खाली फोमची शीट किंवा कोरडी पोती, त्यावर घोंगडी, मग गादी, मग तुम्ही, अंगावर दोन चादरी. टोचतं म्हणून घोंगडी आजीच्या ट्रंकेत पडून असेल तर ती काढा. खाली घातली तर टोचायचा प्रश्नच नाही.

काचांमधूनही बरीच उष्णता जाते. त्यांना आतून पुठ्ठा आणि वर जाड कापड लावलं तर फरक लगेच कळतो. डोक्याला कानटोपी, पायांत कोरडे मोजे. दिवसभर घातलेले मोजे घामानं ओले असतात, ते बदलायचे. हे सगळं आई सांगते तेव्हा आपण डोळे फिरवतो, मला माहीत आहे.

मग गरम पाण्याची रबरी पिशवी. मेडिकलमध्ये मिळते ती साधी, पोटदुखीला वापरतो ती. दोन लिटर पाणी ७० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना साधारण ८० वॅट-तास उष्णता देतं. आकडा छोटा वाटेल, पण ही उष्णता अख्ख्या गाडीला न जाता थेट तुमच्या पायांना मिळते. पाणी गाडीबाहेर तापवायचं, उकळतं भरायचं नाही, बूच दोनदा बघायचं आणि पिशवी टॉवेलात गुंडाळायची. टॉवेलसुद्धा सोलापूरचाच घ्या, जाड असतो.

विजेचं म्हणाल तर बॅटरीच्या जिवावर हीटर चालत नाही, हे आधीच मान्य करून टाका. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॅट-तास. हजार वॅटचा हीटर ती तासाभरात संपवतो. त्यातही साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणतात, म्हणजे खरा हिशेब अर्ध्या तासाचा. आणि ती गाडीचीच बॅटरी असेल तर सकाळी धक्का मारायला माणसं शोधा. त्याऐवजी १२ व्होल्टवर चालणारं गरम होणारं पांघरूण मिळतं, साधारण ५० वॅटचं. रात्रभराचे आठ तास धरले तरी ४०० वॅट-तास. वेगळी बॅटरी ठेवली तर हे जमतं. तत्त्व तेच. गाडी तापवायची नाही, माणूस तापवायचा.

इन्स्टावर फिरणारा तो कुंडीचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. चार मेणबत्त्या, वर उलटी मातीची कुंडी, आणि म्हणे खोली गरम! एक छोटी मेणबत्ती ३०-४० वॅट देते. कुंडी ठेवल्यानं ते वाढत नाहीत, कुंडी फक्त तापते. चार मेणबत्त्यांची उष्णता दोन मित्रांएवढी होते. मित्र न्या, ते पेट घेत नाहीत.

खरोखर कडक थंडीत, म्हणजे हिवाळ्यात स्पिती-लडाखला गाडीत राहायचं स्वप्न असेल, तर काहीतरी जाळावंच लागतं. त्यासाठी डिझेल हीटर असतो. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबाची कल्पना आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, धूर वरून बाहेर. पाण्याला धुराचा स्पर्श नाही. डिझेल हीटर तसाच, फक्त पाण्याच्या जागी गाडीतली हवा. जळायला लागणारी हवा तो बाहेरून घेतो, धूर नळीनं बाहेर सोडतो. छोट्या हीटरला तासाला पाव लिटरच्या आत डिझेल लागतं आणि पंख्यापुरती थोडी वीज. पण धुराच्या नळीचा एखादा जोड सैल झाला तर आपण परत शेगडीवरच आलो. म्हणून तो जाणकाराकडूनच बसवून घ्यायचा. आणि गाडीत कायमचे बदल करताना आरटीओचे नियम आहेत, आरसी बुकाशी जुळतंय का ते बघा. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यामुळे तयार कॅराव्हॅन भाड्यानं घ्यायचा मार्गही आहे. घ्याल तर पहिला प्रश्न विचारा, आत मोनॉक्साइडचा अलार्म आहे का?

हा अलार्म वेगळा असतो. धुराचा अलार्म मोनॉक्साइड ओळखत नाही. ऑनलाइन घेताना ईएन ५०२९१ हा युरोपीय मानक क्रमांक बघा. त्याचा दुसरा भाग खास कॅराव्हॅन आणि बोटींसाठी आहे. या मानकाप्रमाणे हवेत दहा लाख भागांत ३०० भाग वायू झाला तर अलार्म तीन मिनिटांत वाजलाच पाहिजे, १०० भागांना दहा ते चाळीस मिनिटांत. इंजिनीअरिंगवाल्या मित्रांनो, तुमचं एमक्यू-७ सेन्सरचं मिनी प्रोजेक्ट मार्कांसाठी छान आहे. त्याच्या भरवशावर झोपू नका.

कोविडमध्ये घरोघरी आलेलं ऑक्सिमीटरही इथं उपयोगाचं नाही, उलट घात करतं. मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. माणूस गुंगीत चाललेला असतो आणि बोटावर ९८ दिसत असतात.

दोघांना एकाच वेळी डोकं दुखायला लागलं, बाहेर गेल्यावर बरं वाटलं, आत आल्यावर परत सुरू झालं, तर चर्चा करत बसू नका. सगळी दारं उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, झोपलेल्यांना हलवून उठवा, उठत नसेल तर ओढून काढा. इंजिन, गॅस बंद. मग १०८ लावा. आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, की बंद गाडीत शेगडी होती. हे सांगितलं नाही तर उलटी-डोकेदुखी म्हणून पित्ताची गोळी मिळायची शक्यता आहे. यावर उपचार ऑक्सिजनचा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. म्हणून बाहेर येऊन बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचं. आम्ही गेलो नव्हतो. सकाळी चहा पिऊन, दुखऱ्या डोक्यानं गाडी चालवत सोलापूरला आलो, आणि घरी कुणाला काही सांगितलं नाही.

यंदा परत जायचं ठरलंय. जेवण म्हणून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, म्हणजे आत स्टोव्ह पेटवायचा मोहच नको. मामेभावानं अलार्म मागवला. पार्सल आलं त्या दुपारी त्यानं हॉलमध्ये बसून टेस्टचं बटण दाबलं. एवढीशी डबी, पण आवाज असा की मामी कुकर सोडून बाहेर आली आणि विचारायला लागली, हे काय आणलंय आणि कशाला. मग तिला त्या रात्रीचं सगळं सांगावं लागलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. शेगडी आता माळ्यावर आहे, कुकर मात्र त्या दिवशी करपला.